दुसरा भोंगा

मी नोकरी केली समुद्रातल्या विहिरीवर आणि माझं भांडण झालं ते गावातल्या विहिरीवरून. संपादकबाई म्हणाल्या, "समुद्रातल्या गमतीजमती लिहा. वादळ, लाटा, हेलिकॉप्टर, असं काहीतरी." बाई, वादळं पुष्कळ बघितली. त्यांचा मला राग नाही. वादळ येतं, जातं, त्याच्या मनात काही नसतं. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो ओकून टाकल्याशिवाय माझ्या हातून गमती लिहून व्हायच्या नाहीत.

माझं गाव कर्जत तालुक्यात, कडावच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि मला तिथंच राहायचंय. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी. पावसाळ्यात आमच्याकडं पाणी नको नको होतं, ओढा दारात येतो. पण शिमगा झाला की वाडीतला झरा आटतो, आणि मग गावविहिरीशिवाय दुसरं पाणी नाही. त्या विहिरीत आमच्या माणसांचा पोहरा पडला तो छप्पन सालच्या दीक्षेनंतर काही वर्षांनी, आणि तोही कोणी प्रेमानं बोलावलं म्हणून नव्हे. माझे बाबा पुढं होते. मामलेदार आले, फौजदार आले, तेव्हा कुठं बाबांनी पहिली कळशी भरली. मी लहान होतो. एवढंच आठवतं, की ती कळशी घरात आणून ठेवली आणि कितीतरी वेळ कोणी तिला हातच लावीना. सगळे नुसते तिच्याकडं बघत बसले होते.

तेव्हा गाव बाबांना धोंड्या म्हणायचं. पुढं मी तेलाच्या कंपनीत लागलो, घरावर कौलं आली, तसा धोंड्याचा धोंडीराम झाला. माणसाचं नाव मुलाच्या पगारानं लांब होतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता काम काय होतं ते सांगतो. लोकांना वाटतं जमिनीखाली तेलाची तळी असतात आणि आम्ही त्यात नळी घालून ओढतो, उसाचा रस पितात तसा. तसं नसतं. तेल दगडात मुरलेलं असतं. समुद्राच्या तळाला भोक पाडत खोल खोल जायचं, मग थांबायचं आणि बघायचं, की खालच्या दगडात तेल आहे, पाणी आहे की नुसताच दगड. बघायचं कसं? तर जाड तारेला लांबलचक पोलादी नळी बांधून भोकात सोडायची. तिला आम्ही सोंड म्हणायचो. सोंडेच्या पोटात अणुपदार्थाची एक गोळी, अंगठ्याच्या पेराएवढी. गोळीतले किरण दगडात शिरतात, काही परत फिरतात, सोंड ते मोजते आणि वर केबिनमध्ये कागदावर रेघा उमटतात. त्या रेघांवरून साहेब सांगणार, इथं माल आहे किंवा नाही. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात ना, तसा आम्ही जमिनीच्या छातीचा फोटो काढायचो. या कामाला लॉगिंग म्हणतात. मी त्या टोळीतला माणूस.

गोळी एरवी शिशाच्या जाड डब्यात कुलूपबंद असायची. डब्यातून काढून सोंडेत घालायची तेवढाच वेळ ती उघडी. लांब दांड्यानं धरायची, झटपट काम उरकायचं, आणि छातीवर बिल्ला लावायचा. बिल्ल्यात फिल्म असते. महिना भरला की ती तपासायला जाते आणि कुणाच्या अंगावर किती किरण पडले ते कळतं. यात शौर्य काही नाही. विजेचं काम करणारा जशी काळजी घेतो तशीच ही काळजी.

आणि त्याआधी भोंगा वाजायचा. एक लांबलचक भोंगा, की सगळ्यांनी डेकवरून हटायचं. ड्रिलर हटायचा, वेल्डर हटायचा, गोरा तज्ज्ञ आला असला तर तोही तुरुतुरु जिना चढायचा. आमच्या आसपास चिटपाखरू राहायचं नाही. गोळी सोंडेत बसून भोकात उतरली की दुसरा भोंगा. म्हणजे मोकळं, या परत. की सगळे परत, आणि चहाला एका बाकावर एकमेकांना खेटून. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला हसूच आलं. मला टाळायला मोठमोठे साहेब पळतायत आणि नंतर माझ्याच ताटातली लोणच्याची फोड उचलून खातायत.

मेसमध्ये एक पहाडी आचारी होता. तो सुरुवातीला आमच्या टोळीला हातात पोळी द्यायचा नाही, लांबून ताटात टाकायचा. आमचा एक ऑपरेटर खट्याळ. त्यानं आचाऱ्यासाठी एक जादा बिल्ला मागवला आणि सांगितलं, महिनाभर हा लावून आम्हाला वाढ. महिन्यानं तपासणी आली, आचारी कोरा. त्या दिवसापासून तो पोळ्या आमच्या हातात द्यायला लागला, वर तूपही जास्त. बिल्ला मात्र परत देईना, म्हणे गावी जाऊन बायकोला दाखवायचाय. मला हा माणूस फार आवडायचा. तो घाबरला होता, त्यानं तपासून बघितलं आणि भीती सोडून दिली. घाबरावं तर असं घाबरावं.

एका सुटीत बाबांना मी हे सगळं सांगत होतो. बाबा ओटीवर बसून दोर वळत होते. त्यांनी गोळीबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते भोंग्याबद्दल.

"म्हंजे पैल्या भोंग्याला लांब जायाचं. मंग जवळ कदी यायाचं त्ये कोन सांगतं?"

"दुसरा भोंगा वाजतो ना, बाबा."

"दर येळंला वाजतो?"

"दर वेळेला. तसा नियमच आहे."

बाबांनी दोराला पीळ दिला आणि म्हणाले, "चांगला नियम हाय."

मग ते वर्ष आलं. ऐंशीच्या अलीकडं की पलीकडं, ते सोडा. आमच्या रिगवर सोंड अडकली. भोकाच्या भिंती ढासळल्या आणि सोंड खाली रुतून बसली, गोळीसकट. असं होतं कधी कधी. मग गळ टाकून ती काढायचा प्रयत्न करतात. आम्हीही केला. नाही निघाली. तेव्हाचा नियम असा, की नाहीच निघाली तर तिच्यावर लाल रंगाचं सिमेंट ओतून ते भोक कायमचं बुजवायचं. लाल अशासाठी, की पुढंमागं कोणी तिथं खणलं आणि लाल चुरा वर आला तर त्यानं ओळखावं, खाली काहीतरी आहे, थांबावं. आम्ही सगळं तसंच केलं. गोळी समुद्रात नव्हती, समुद्राच्या तळाखाली, कर्जतहून माथेरान दिसतं त्याच्याही उंचीपेक्षा जास्त खोल दगडात गाडलेली होती.

त्याच आठवड्यात, दुसरीकडं, एका बोटीत तेल भरताना रबरी पाइप फाटला आणि तेल समुद्रावर पसरलं. ही गोष्ट वेगळी, ती वेगळी. दोघींची गाठ समुद्रात पडली नाही, पडली ती छापखान्यात. मथळा आला: तेलगळतीतून अणुपदार्थ समुद्रात, मासे विषारी झाल्याची भीती. कंपनीकडून उत्तर आलं एका ओळीचं, की चिंतेचे कारण नाही. अहो, कारण का नाही ते सांगा की. लाल सिमेंटचं सांगा, किती खोल ते सांगा. सामान्य माणसाला एवढंसुद्धा कळणार नाही असं या लोकांना का वाटतं, याचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो. 'चिंतेचे कारण नाही' ऐकलं की आमच्याकडची म्हातारी माणसंसुद्धा चिंता करायला लागतात.

मी सुटीवर कर्जतला उतरलो तो बाजाराचा दिवस होता. बाजारात सुकी मासळी घेऊन एक कोळीणमावशी बसायची, रेवसच्या बाजूची. एरवी तिच्याभोवती ही गर्दी. त्या दिवशी टोपलीवर नुसत्या माश्या घोंघावत होत्या. माझी नोकरी तिला ठाऊक होती. मला बघून तिनं तिथूनच हाक मारली.

"काय रं दादूस, दर्यान इख कालवून आयलाव का तुमी?"

मी तिला सगळं समजावलं, तिच्यापुढं उकिडवा बसून. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्ये किरन न् बिरन मना नाय कलत. पन आमची जाली तेलान काली झाल्यान. धुतली तरी वास जात नाय. त्ये कोन छापतं का?"

नाही छापलं. जे खरोखर झालं होतं, म्हणजे जाळी काळी झाली, किनाऱ्यावर डांबराचे गोळे आले, त्याच्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. जे झालंच नव्हतं त्याच्यावर रकानेच्या रकाने. हे आपलं नेहमीचंच आहे. भुताला घाबरून पळताना माणसं खऱ्या खड्ड्यात पडतात.

मी तिच्याकडून बोंबलाची जुडी घेतली आणि पिशवीत न घालता हातात धरून, सगळ्यांना दिसेल अशी, कडावच्या एसटीत चढलो. घरी भाजून, दार उघडं टाकून खाल्ली. वाटलं, लोक बघतील आणि म्हणतील, अणूवाला स्वतः खातोय, म्हणजे भ्यायला नको. आणि गाव काय म्हणालं? "त्याला चालतंय. त्याच्या अंगातच हाय त्ये."

तिथून हे सुरू झालं. आधी चेष्टा. मी दिसलो की पोरंठोरं लांबूनच भोंग्यासारखा आवाज काढायची, मी रिगवरच्या गोष्टी चावडीवर सांगितल्या होत्या ना. मग कुजबुज. सुदाम, म्हणजे मी, पंधरा दिवस त्या गोळीजवळ असतो. घरी येतो. त्याचे कपडे त्याची बायको धुते. तीच बायको गावविहिरीवर पाण्याला येते. आणि एका सकाळी सरपंच आमच्या दारात आले.

त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता असं लोक अजून सांगतात. कापडं पांढरी, बोलणं लोण्यासारखं. मनगटात एक जुनं घड्याळ, त्यांच्या चुलत्यानं लढाईवरून आणलेलं. त्याचे आकडे अंधारात हिरवे चमकायचे. गावात दुसऱ्या कुणाकडं तसं घड्याळ नव्हतं. अण्णा दिवाळीला पोरांना कोठारात नेऊन ते दाखवायचे. मीही लहानपणी कोठाराच्या दारातून बघितलं होतं, उंबऱ्याच्या बाहेरून.

"धोंडीराम," अण्णा बाबांना म्हणाले, "गैरसमज करून घेऊ नको. जातपात आमी मानत नाय, तुला ठावं हाय. ह्ये सायन्सचं हाय. लोकं घाबरल्यात. चार दिवस वाडीतल्या बाया विहिरीवर येऊ नयेत, असं पंचायतीत ठरलंय."

"सगळी वाडी?" मी म्हणालो. "नोकरी तर मी एकटा करतो."

"तुमच्यात भांडीकुंडी इकडनं तिकडं जात्यात ना रं. तुज्या घरचा हंडा धा घरी फिरतो. खरं का नाय?"

खरं होतं. वाडीत लग्न असो, मयत असो, भांडी सगळ्यांची एक. आमच्या एकीचा त्यांनी असा उपयोग केला.

पुढं ते माझ्याकडं वळले. "तुला एक सांगू? मोहोपाड्याला केमिकल कंपनीत माजी वळख हाय. तिथं चिकटवतो तुला. ही अणूची भानगड सोड. सोडलीस का दुसऱ्या दिवशी विहीर मोकळी."

मोहोपाड्याच्या बाजूनं वारा आला की घसा खवखवायचा, ते कुणाला सायन्स वाटत नव्हतं.

पूर्वी शिव्या देऊन हाकलायचे. आता 'गैरसमज करून घेऊ नको' म्हणून हाकलत होते. मला विचाराल तर शिवी बरी. शिवीला उलटी शिवी देता येते. गोड बोलून दार लावणाऱ्याला काय देणार?

चैत्र तापला होता. वाडीतल्या बाया नदीच्या डोहावर जायला लागल्या. उतार खडकाळ, चढताना डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी. डोहात म्हशी बसायच्या, ते पाणी फडक्यानं गाळून प्यायचं. शेजारच्या पार्वताकाकू, मला अंगाखांद्यावर खेळवलेली बाई, त्या चढावर पाय घसरून पडल्या. गुडघा सुजला. बघायला गेलो तर तोंड फिरवून म्हणाल्या, "सोड की रं बाबा ती नोकरी. तुज्या एकट्याच्या पगारापायी समद्या वाडीचा घसा कोरडा."

ते मला लागलं. सरपंचाचं बोलणं लागलं नव्हतं इतकं लागलं. मी घरी येऊन बायकोला, कमलला म्हणालो, की देतो राजीनामा. मोहोपाडा तर मोहोपाडा. वाडीला पाणी तर मिळेल.

कमल डोहावरून येऊन हंडा उतरवत होती. म्हणाली, "खुशाल द्या. मग ते म्हणतील, बघा, होतंच काहीतरी, म्हणून तर सोडली. आणि उद्या आपल्यातला दुसरा कोणी दवाखान्यात लागला, की त्याच्या हातात रोग. तिसरा शाळेत लागला, की त्याच्या खडूत काहीतरी." तिनं पदरानं मान पुसली. "मी आणीन पाणी डोहावरून. पण राजीनामा दिलात तर माझ्याशी बोलू नका."

ती सातवी शिकलेली. ज्यांनी ठराव केला त्यात दोन मॅट्रिक होते.

मी कंपनीत गेलो. म्हटलं, कोणीतरी अधिकारी माणूस गावात पाठवा, चार शब्द समजावून सांगू द्या. जनसंपर्कवाले म्हणाले, असं गावोगाव जाऊ लागलो तर लोकांना वाटेल खरंच काहीतरी आहे. चिंतेचे कारण नाही, असं आम्ही कळवलंय. मी म्हटलं, साहेब, माझ्या बायकोला कळवा तसं, ती डोहावर आहे. त्यांना ते उद्धट वाटलं.

पण आमचे किरणसुरक्षेचे साहेब होते, बंगाली. बिल्ले गोळा करणं आणि यंत्रानं मोजमाप करणं हे त्यांचं काम. ते तिथंच बसले होते. बाहेर येऊन म्हणाले, "रविवारी मी मोकळा आहे. तुमच्या गावाला एसटी जाते?" यंत्र बाहेर न्यायची परवानगी त्यांनी कशी मिळवली ते मी विचारलं नाही. रविवारी कॅनव्हासची पिशवी खांद्याला लावून ते कर्जत स्टेशनवर उतरले आणि पहिल्यांदा त्यांनी वडापाव मागितला.

शाळेच्या पडवीत सभा भरली. वरचं गाव एका बाजूला, आमची वाडी दुसऱ्या बाजूला. कोणी बसवलं नव्हतं, आपोआप. साहेबांनी यंत्र काढलं. ते सुरू केलं मात्र, टक्… टक् टक्… टक् असा आवाज यायला लागला. पुढची रांग उठून मागं झाली.

"वाजतंय की," कोणीतरी म्हणालं.

साहेब मोडक्या हिंदीत म्हणाले, घाबरू नका, एवढं सगळीकडं वाजतं. दगडात थोडे किरण असतात, आभाळातून थोडे येतात, जगाच्या सुरुवातीपासून येतायत. ते यंत्र त्यांनी भिंतीला लावलं, जमिनीला लावलं. तेवढंच वाजलं. मग मला उभं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत यंत्र फिरवलं, कपड्यांवरून, हातांवरून. तेवढंच. कमलच्या हंड्यावरून फिरवलं. तेवढंच. सगळी मिरवणूक विहिरीवर गेली. काठाला लावलं, पोहऱ्यातल्या पाण्यावर धरलं. तेवढंच. पडवीत परत येताना लोकांचे चेहरे सैल झाले होते. एक म्हातारा मला म्हणालासुद्धा, "उगाच रं आमी."

अण्णांना ते झोंबलं असावं. ते पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "साहेब, आमी त्याच विहिरीचं पाणी पितो. माजा हात बघा. ह्यातसुद्धा काय निघनार नाय." आणि बाही सारून त्यांनी हात पुढं केला.

साहेबांनी यंत्र मनगटाजवळ नेलं आणि ते तडतडायला लागलं. लाह्या फुटाव्या तसं. लांब केलं की टक् टक्, जवळ नेलं की तडतड. दोनदा करून बघितलं. 

"घड्याळ पुराना है?" साहेबांनी विचारलं.

जुन्या काळी घड्याळाचे आकडे चमकावेत म्हणून रंगात रेडियम घालायचे. ते आमच्या गावातलं तसलं एकमेव घड्याळ, आणि एवढे किरण टाकणारी आमच्या गावातली एकमेव वस्तू. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या शेजारचा मॅट्रिक हळूच सरकून लांब बसला.

आणि बघा मजा, त्यांना धीर द्यायला पुढं झालो तो मीच. मीच म्हणालो, "अण्णा, घाबरायचं कारण नाही. नुसतं घातल्यानं काही होत नाही. फक्त काच उघडू नका, पोरांना खेळायला देऊ नका." साहेबांनी मान हलवली. वाडीतल्या पोरांना हसू आवरेना. मी त्यांच्यावर डोळे वटारले. मला त्या माणसाला लाजवायचं नव्हतं, मला पाणी हवं होतं.

मला वाटलं, संपलं. अण्णांनी बाही खाली ओढली, बटण लावलं. खाकरले. म्हणाले, "साहेब लांबनं आले, उपकार झाले. पन मशीन तुमच्याच कंपनीचं. आनि ठराव तर झालेला हाय. फुडच्या मीटिंगला बघू. तवर चार दिवस…"

  मला तेव्हा उमगलं, की आम्ही चुकीचं यंत्र आणलं होतं. जे मोजायचं होतं ते मोजणारं यंत्र कुठल्याच कंपनीकडं नाही.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा उठले. सभेत ते कधी बोलत नसत. येताना त्यांनी कळशी आणि त्या सुटीत वळत होते तो दोर बरोबर आणला होता, ते माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

"अण्णा," बाबा म्हणाले, आवाज न चढवता, "आमच्या सुदामच्या त्या समुद्रातल्या कामावर भोंगा दोनदा वाजतो. एकदा वाजतो, लांब व्हा. काम झालं का दुसरा वाजतो, या म्हनून. दर येळंला वाजतो, नियम हाय तिथं. आमच्यासाठी पैला भोंगा कवा वाजला त्ये माज्या आज्यालाबी ठावं नव्हतं. दुसऱ्याची वाट बघत तीन पिड्या गेल्या. आता कळलं, तुमी तो वाजवनारच नाय."

त्यांनी दोर खांद्यावर टाकला आणि भर दुपारी विहिरीकडं चालू लागले. पहिली कळशी भरली तेव्हा मामलेदार बरोबर होते, फौजदार होते. या वेळी कोणी नव्हतं. मग कमल उठली. मग सुजलेला गुडघा धरून पार्वताकाकू. मग सगळी वाडी, हंडे आणायलाही न थांबता, रिकाम्या हातांनी.

विहिरीवर अण्णांची बायको पाणी भरत होती. आम्ही एवढे जण येताना बघून तिनं आपला हंडा काठावरून उचलून बाजूला घेतला. माझ्या लहानपणी बाया असाच हंडा बाजूला घ्यायच्या, शिवाशीव नको म्हणून. त्या दिवशी तिनं त्यासाठीच घेतला, की आमच्यासाठी जागा केली, ते मला आजही सांगता येत नाही. मी तिला कधी विचारलं नाही आणि आता ती नाही. बाबांनी पोहरा सोडला. पाण्यावर आदळल्याचा आवाज आला. मागून आलेलं गाव लांब उभं राहून बघत होतं. कोणी पुढं आलं नाही, कोणी अडवलंही नाही. बाबांनी कळशी भरली, आणि पहिली ओंजळ आमच्या बंगाली साहेबांना दिली, कारण त्यांना वडापाव तिखट लागला होता.

ठराव रद्द झाला नाही. आजतागायत झालेला नाही. कोणी त्याचं नाव काढलं नाही एवढंच. मी नोकरी सोडली नाही. निवृत्त होईपर्यंत गोळ्या डब्यातून काढल्या आणि डब्यात ठेवल्या, आणि माझे बिल्ले कधी मर्यादेच्या जवळही गेले नाहीत. कोळीणमावशीच्या जाळ्यांचं काय झालं ते मात्र कोणी विचारलं नाही. ती नंतर बाजारात दिसेनाशी झाली. तिच्यासाठी मी काही करू शकलो नाही याची चुटपुट आहे.

अण्णा पुढं पुष्कळ जगले. घड्याळ त्यांनी काढलं नाही. दिवाळीला पोरांना कोठारात नेऊन दाखवणं तेवढं बंद झालं. रोज सकाळी ते विहिरीवर यायचे, बाही वर सारायचे, त्याच हातानं पोहरा ओढायचे, त्याच हातानं पाणी घेऊन चूळ भरायचे. सगळ्या गावानं ते तडतडणं आपल्या कानांनी ऐकलं होतं. पण त्या हाताला कोणी कधी म्हणालं नाही, की चार दिवस थांब.